कोल्हापूरच्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी: खाणं, पिणं आणि हलगी

पत्रिका पोचल्यापासून मुहूर्त किती वाजताचा हे फारसं कुणी विचारलेलं नाही. मटण कुठं चांगलं मिळतं, हे मात्र जवळजवळ सगळ्यांनी विचारलंय. प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा आम्ही मुलाकडच्या मंडळींनी उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत. कार्यक्रम असा: शुक्रवारी संध्याकाळी हळद, शनिवारी दुपारी अक्षता, संध्याकाळी वरात, रविवार दिवसभर मोकळा, आणि रविवारी रात्री घरी गोंधळ. कोल्हापुरात कुठं खाता यापेक्षा कधी खाता याला जास्त महत्त्व आहे. मिसळ सकाळची, दूध तिन्हीसांजेचं, मटण वार बघून. हे सांभाळलंत तर बाकी शहर तुम्हाला सांभाळून घेईल.

लग्नाच्या जेवणात मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा असणार ना?

नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे पंगतीत बसल्यावर तोंडं उतरायला नकोत. अक्षतांच्या दिवशी जेवण शाकाहारी: मसालेभात, भरलं वांगं, जिलेबी, मठ्ठा. रविवारच्या गोंधळाला पुरणपोळीचा नैवेद्य असतो, त्यामुळे त्या दिवशीही घरात चूल शाकाहारीच. वशाट, म्हणजे मांसाहारी, खायचं तर बाहेर, तुमचं तुम्ही. हे पान लिहायला घेतलं ते खरं तर याच कारणानं.

मग मटण कधी आणि कुठं खायचं?

रविवारी दुपारी. गावात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार बरीच घरं पाळतात, आणि लग्न मार्गशीर्षात असल्यानं यंदा गुरुवार तर कडक. हॉटेलं सगळे दिवस उघडी असतात, पण रविवारी मटण सगळीकडंच जास्त लागतं आणि स्वयंपाकघरातली घाई चवीला मानवते, असं आमचं मत आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत पोचणाऱ्यांना हळदीआधी एक संधी आहे. ती साधा, पण मग हळदीला झोप येते म्हणून तक्रार करू नका.

जागा म्हणाल तर देहाती, पद्मा गेस्ट हाऊस, ओपल ही जुनी, जम बसलेली नावं आहेत. यांपैकी कुठंही गेलात तरी फसणार नाही. याशिवाय पेठापेठांत छोट्या खानावळी आहेत. तिथं पाटी साधी, बाकं साधी, आणि वाढणारी बाई तुमच्याकडं बघून "अजून घ्या की, लाजताय काय" म्हणते. आमच्यातल्या निम्म्यांचं मत अशा खानावळीच्या बाजूनं आहे. रिक्षावाल्याला विचारा, पण "चांगलं हॉटेल कुठलं" असं विचारू नका. "तुम्ही रविवारी कुठं जेवता" असं विचारा.

मटण ही इथं गमतीची गोष्ट नाही. 2019 च्या अखेरीस मटणाचा दर वाढला तेव्हा या शहरात आंदोलनं झाली, बैठका झाल्या, विक्री बंद पडली. त्यामुळे मटण कसं झालंय असं कुणी विचारलं तर उत्तर विचार करून द्या.

ताट समोर आल्यावर सुरुवात कशापासून करायची?

पांढऱ्या रश्शापासून. तो वाटीत येतो आणि गरम असतानाच प्यायचा असतो. मटण शिजवलेलं पाणी, म्हणजे अळणी, हाच दोन्ही रश्शांचा पाया. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि खडा मसाला पडला की पांढरा. भाजलेलं खोबरं, कांदा-लसूण आणि आमची लाल चटणी पडली की तांबडा. इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे ध्यानात ठेवा. खोबऱ्याची ओली चटणी समजून चमचाभर घेणारे पाहुणे दरवर्षी सापडतात.

पांढरा निम्मा झाला की भाकरी मोडून सुक्या मटणाकडं वळा, मधूनमधून तांबडा. शेवटी भात, आणि त्यावर तुम्हाला आवडलेला रस्सा. बऱ्याच ठिकाणी रस्सा पुन्हा मागून घेता येतो, आणि मागणं वाईट दिसत नाही. न मागणं दिसतं. रस्सा घट्ट नाही म्हणून नाक मुरडू नका. तो पातळच असतो, ग्रेव्ही हवी असेल तर ती दुसऱ्या गावची.

खूप तिखट असतं का?

बाहेरगावी "कोल्हापुरी" नावानं जे मिळतं त्यावरून अंदाज बांधू नका. लालभडक तेलात बुडवलेली व्हेज कोल्हापुरी ही हॉटेलांची निर्मिती आहे; आमच्या घरांत ती कुणी करत नाही. पांढरा रस्सा लहान मूलही पितं. तांबडा झणझणीत असतो, पण त्याचा ठसका मसाल्याचा असतो, जीभ बधिर करणारा नसतो. जिथं नुसतीच आग लागते तिथं मसाल्यात काटकसर केलेली असते, असं खुशाल समजा.

नागपूरच्या पाहुण्यांना हे वाचायची गरज नाही. सावजीच्या जाळ रश्श्यावर वाढलेल्या माणसांना आम्ही काय सांगणार.

बाकीच्यांसाठी: ठसका लागला तर पाणी पिऊ नका, दही-कांदा किंवा सोलकढी घ्या. लहान मुलांसाठी "अळणी भात" मागा. मीठ-हळदीतलं मऊ मटण, त्याचं पाणी आणि भात. आमच्याकडची पोरं याच्यावरच मोठी होतात. आजारी माणसालाही हेच देतात.

आम्ही शाकाहारी आहोत. आमचं काय?

तुमचं नीट होईल, फक्त मटणाच्या हॉटेलात शाकाहारी ताट मागवू नका. ते मनापासून केलेलं नसतं. अख्खा मसूर हा या पट्ट्यातला खरा शाकाहारी मान आहे. कोल्हापूर-सांगलीकडं आणि हायवेच्या ढाब्यांवर नुसत्या या एका पदार्थावर धंदे उभे आहेत. रोटीबरोबर, वर कच्चा कांदा, बास. झुणका-भाकर, खर्डा आणि वांग्याचं भरीत हेही शोधा. खर्डा म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाणा-लसूण घालून. तो तिखटच असतो, इथं आम्ही दिलासा देणार नाही.

जैन पाहुण्यांनी काळजी करू नये. कोल्हापूर जिल्ह्यात जैन समाज मोठा आहे, त्यामुळे कांदा-लसूण नको म्हटल्यावर आचारी गोंधळत नाही. लग्नातही वेगळी पंगत आहे. फक्त किती जण ते दोन दिवस आधी कळवा.

मिसळ कुठली?

यावर आमच्याच घरात भांडण आहे, आणि या लग्नाच्या निमित्तानं ते मिटेल असं वाटत नाही. शिवाजी उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, खासबाग, चोरगे: प्रत्येकाची बाजू घेणारा एक तरी माणूस तुम्हाला मांडवात भेटेल. नवरदेव फडतरे पक्षातला. त्याचे काका बावड्याचे. तुम्ही कुठं जाऊन आलात ते दोघांनाही सांगू नका.

पद्धत सांगतो. इथं मिसळीबरोबर पाव येत नाही, स्लाइस ब्रेड येतो. मटकी, वर शेव-फरसाण, कांदा, कोथिंबीर आणि कट. कट म्हणजे तो लाल रस्सा. तो कमी पडला की मागून घ्यायचा. ब्रेडचा तुकडा कटात पुरता भिजू द्या, घाई करू नका. लिंबू पिळा. दही मागितलं तरी कुणी हसणार नाही, फार फार तर शेजारचा बघेल.

सकाळी जा. शनिवारी अक्षता दुपारी आहेत, त्यामुळे साडेआठ-नऊला मिसळ खाऊन, आंघोळ करून, नवे कपडे घालून हॉलवर यायला भरपूर वेळ आहे. क्रम मात्र हाच ठेवा. पांढऱ्या शर्टावर कटाचा डाग पडला की तो फोटोच्या अल्बममध्ये कायमचा राहतो.

एकच संध्याकाळ मोकळी आहे. काय काय होईल?

बरंच होईल, कारण जुनं शहर पायी फिरण्याइतकं आहे. अंबाबाईचं दर्शन घ्या आणि तिथून खासबागेकडं चालत या. कुस्त्यांचं हे मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलं. त्याला लागूनच त्यांनीच 1915 मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळालं. केशवराव भोसल्यांच्या जयंतीची ती आदली रात्र होती, आणि त्या रात्री गावातली म्हातारी माणसं रस्त्यावर उभं राहून रडली. कुस्ती आणि संगीत नाटक एका भिंतीला लागून ठेवणारा राजा आम्हाला मिळाला, हे पाहुण्यांना दाखवायला आम्हाला आवडतं.

मैदानाशेजारच्या खाऊगल्लीत राजाभाऊंची भेळ खा. इथल्या भेळेचा चुरमुरा निराळा, बारीक आणि कुरकुरीत; त्याच चुरमुऱ्याचं भडंग होतं. मग गंगावेशीवरून रंकाळा तलावावर जा. सूर्य मावळायच्या आत पोचलात तर उत्तम, नाहीतर कणीस आणि वारा आहेच.

गंगावेशीत म्हैस समोर पिळून दूध देतात, हे खरं का?

खरं आहे. याला दूध कट्टा म्हणतात. म्हशी तिथंच बांधलेल्या असतात, धार काढतात आणि फेसाळ दूध ग्लासात ओतून तुमच्या हातात देतात. पहाटे आणि संध्याकाळी ही गर्दी बघण्यासारखी असते: तालमीतली पोरं, नातवाला घेऊन आलेले आजोबा, ऑफिसातून परस्पर आलेले लोक. गावात तालमी आहेत तोवर हे चालणार.

मात्र हे दूध तापवलेलं नसतं, हे लक्षात असू द्या. गरोदर बायका, अगदी लहान मुलं आणि ज्यांचं पोट प्रवासानं आधीच बिघडलंय त्यांनी नुसतं बघावं. बाकीच्यांनी भेळ आणि दूध यांच्यात तासाभराचं अंतर ठेवावं. हा सल्ला आजीचा आहे, वैद्यकीय नाही.

तालमीचं दुसरं पेय म्हणजे थंडाई: बदाम, खसखस, बडीशेप वाटून दुधात. पैलवान ती व्यायामानंतर पितात. तुम्ही वरातीनंतर प्या.

कोणीतरी "कॉकटेल" प्यायला नेतो म्हणालं. लग्नघरात हे चालतं?

चालतं, कारण त्यात दारूचा थेंब नसतो. कोल्हापुरात कॉकटेल म्हणजे आइस्क्रीम: दोन-तीन चवींचं आइस्क्रीम, फळं, जेली, सुका मेवा, सगळं एका ग्लासात. सोळंकींचं नाव सगळ्यांत आधी निघतं. रात्री जेवण झाल्यावर अख्खं कुटुंब घेऊन जायची ही गोष्ट आहे, आणि डिसेंबरची थंडी हे न जाण्याचं कारण धरलं जात नाही.

आणि खरी दारू?

हॉलवर आणि वरातीत नाही. बाकी तुमचा प्रश्न. एवढं मात्र ऐका: गोव्याहून गाडीनं येणाऱ्यांनी येताना "थोडं सामान" आणू नये. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची पथकं नेमकी याच रस्त्यांवर उभी असतात. लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या मामाला पोलीस ठाण्यात पाठवायला लावू नका. शिवाय महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25 लागतं, हे कॉलेजातल्या भाचेकंपनीसाठी.

वरातीला डॉल्बी आहे का?

नाही, आणि यावर चर्चा झालेली आहे. हलगी आहे.

हलगी कधी समोरून ऐकली नसेल तर मोबाइलवर ऐकून येऊ नका, त्यात काहीच कळत नाही. हलगी हे हातात धरायचं चपटं चामड्याचं वाद्य. एका हातात बारीक काडी, दुसऱ्या हातात जाड. वाजवण्याआधी ते आगटीवर शेकतात, म्हणजे चामडं ताणून आवाज कडक होतो. सोबत घुमकं, त्याचा आवाज खालचा आणि घुमणारा, आणि कैताळ, म्हणजे झांज. ही तिघं मिळून जे करतात त्याला स्पीकर लागत नाही. कुस्तीच्या मैदानातही हीच हलगी असते. डाव रंगला की वाजवणारा लय चढवतो, पैलवान पेटतो आणि त्याच्या मागं प्रेक्षक. आमच्या वरातीचा ताफा मैदानात वाजवणारा आहे. त्यामुळे नवरदेव घोड्यावरून उतरून शड्डू ठोकायला लागला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

हलगीवर नाचायला शिकावं लागत नाही. पाय आपोआप पडतात, खांदे मागून येतात. ज्यांना लेझीम येते त्यांच्यासाठी लेझमी ठेवल्या आहेत; शाळेत शिकलेली आहे म्हणणाऱ्यांनी एकदा आधी हात फिरवून बघा. नाचताना नोट ओवाळून हलगीवाल्याला द्यायची पद्धत आहे. सुट्ट्या नोटा खिशात ठेवा आणि घुमकंवाल्याला विसरू नका, त्याच्याकडं नेहमी कमी जातं.

रात्री दहाला वरात दारात पोचलेली असेल. दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्यानं बंदी आहे. आमच्याकडं ध्वनिक्षेपक नाही, पण शेजारी म्हातारे आहेत.

गोंधळ म्हणजे नक्की काय? आम्ही आलो तर चालेल?

चालेल काय, यायलाच हवं. लग्न पार पडलं की कुलदेवतेला बोलावून तिच्यापुढं गाण्याचा हा विधी. गोंधळी येतात, चौक मांडतात, दिवटी पेटवतात. मग गावोगावच्या देवांना नावं घेऊन आमंत्रण जातं: तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, आमची अंबाबाई, जोतिबा, सगळे गोंधळाला या. वाद्यं दोनच महत्त्वाची. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली तालवाद्यांची जोडी, तिच्यातली एक काठी टोकाला वाकलेली. आणि तुणतुणं, जे एका तारेवर रात्रभर माग धरून राहतं.

पहिला तासभर विधी असतो, तेव्हा शांत बसा. नंतर आख्यान सुरू होतं. त्यात गोष्ट असते, विनोद असतो, बसलेल्या पाहुण्यांची थट्टा असते, आणि मुंबईकरांची जास्त. "उदो" म्हटलं की सगळ्यांनी "उदो" म्हणायचं. रात्र चढते, लहान मुलं मांडीवर झोपतात, मधेच चहा फिरतो. शेवटपर्यंत बसलात तर गोंधळी स्वतःहून चांगलं राखून ठेवलेलं काढतो, हा अनुभव आहे. दुपारी मटण खाऊन आलात तरी कुणी अडवणार नाही. आंघोळ तेवढी करून या.

शास्त्रीय संगीताची आवड आहे. कोल्हापुरात काही आहे का?

हा प्रश्न एकाच पाहुण्यानं विचारलाय, पण उत्तर सगळ्यांनी वाचावं. जयपूर-अत्रौली घराणं ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते उस्ताद अल्लादियाखाँ (1855–1946) शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते. त्यांची मुलं मंजीखाँ आणि भुर्जीखाँ, शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, पुढं मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर, ही सगळी ओळ त्यांच्यापासूनची. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर हिंदुस्थानी गायन एकच आहे आणि ते केसरबाईंच्या भैरवीचं. कोल्हापूरच्या दरबारी गवयाच्या शिष्येचा आवाज सूर्यमालेपलीकडं गेलाय, आणि आम्ही पाहुण्यांना फक्त मटणाचं सांगतो.

गायन समाज देवल क्लब ही इथली जुनी संस्था. तिथं बैठका होतात. आल्यावर त्या आठवड्यात काय आहे याची चौकशी करा. सुधीर फडके यांचा जन्मही इथलाच, 1919 चा. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये याच गावात सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. पुण्याच्या पाहुण्यांशी बोलताना ही आठवण करून द्यायला आम्ही विसरत नाही.

पुण्या-मुंबईहून गाडीनं येणाऱ्यांनी वाटेत केसरबाई किंवा किशोरीताई लावाव्यात. कऱ्हाड ओलांडल्यावर दोन्ही बाजूला ऊस सुरू होतो, तिथं हे गाणं फार जमून येतं.

ऊस म्हटल्यावर आठवलं, गुऱ्हाळ बघता येईल का?

येईल, हंगाम चालू आहे. रविवारी सकाळी दोन गाड्या जवळच्या गावात नेणार आहोत. मोठ्या काहिलीत रस उकळतो, त्यावरची मळी काढतात, रंग फिरला की काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या पसरट हौदात, ओततात. गरम गूळ तिथंच खायला देतात. सोबत शेंगदाणे घेऊन या, ते तिथं नसतात. काकवीची, म्हणजे पातळ गुळाची, बाटली मिळाली तर घ्या. भाकरीबरोबर खायची ती.

परत जाताना काय न्यावं?

कांदा-लसूण चटणी, भडंग आणि गूळ. चटणी दुकानातली बरी असते, पण कुणाच्या घरची मिळत असेल तर मानापमान बाजूला ठेवून मागून घ्या. आमच्या आत्यांनी पाहुण्यांसाठी वेगळी करून ठेवली आहे. ती किलोच्या हिशेबात नाही, त्यामुळे आधी मागेल त्याला.

गोड हवं असेल आणि अर्धा दिवस हाताशी असेल तर नरसोबाच्या वाडीला जा. दत्तदर्शन होईल, आणि तिथली बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी मिळेल. बासुंदी तिथंच खा, प्रवासात टिकत नाही. बर्फी टिकते.

विमानानं जाणाऱ्यांनी चटणी आणि काकवी दोन्ही मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको. काकवी पातळ असल्यानं तपासणीत अडवतात. चटणीचा डबा दोन पिशव्यांत गुंडाळा, नाहीतर आहेरातल्या साड्यांना महिनाभर लसणाचा वास येत राहील.